माळ्यावरची दप्तरं उघडणारा माणूस : इतिहासाचार्य राजवाडे आणि आपल्या गावाचे कागद

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : जुन्या कागदाची किंमत काय असते, हे आपल्या जालना जिल्ह्याला आता वेगळं सांगायची गरज राहिली नाही. 2023 मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद बाहेर निघायला लागले. मोडी वाचणारा माणूस कुठं भेटतो, याची चौकशी गावोगाव सुरू झाली. ज्या बाडाकडं दोन-दोन पिढ्या कुणी बघितलं नाही, त्याच्यावर लेकराबाळांचं शिक्षण आणि नोकरी येऊन ठेपली.

असे कागद घरोघर फिरून गोळा करावेत, वाचावेत आणि छापावेत, यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं सगळं आयुष्य घातलं. ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. नाव बहुतेकांच्या कानावर असतं, पण त्यांनी नेमकं काय केलं हे फार जणांना माहीत नसतं.

कोकणातलं गाव, पुण्यातलं शिक्षण

राजवाड्यांचा जन्म 24 जून 1863 चा, रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावचा. वडील लहानपणीच वारले. शिक्षण पुण्यात झालं आणि 1890 च्या सुमारास ते बी.ए. झाले. त्यांचे भाऊ वैजनाथ राजवाडेही संस्कृतचे मोठे विद्वान होते.

त्या काळात बी.ए. म्हणजे सरकारी नोकरी चालून यायची. यांनी ती केली नाही. पुण्यात काही दिवस शाळेत मास्तरकी केली, तीही सोडली. बायको तरुणपणीच गेली. दुसरं लग्न केलं नाही. मग 1894 मध्ये ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायचे, हा त्यामागचा हेतू होता. ते मासिक तीनेक वर्षं चाललं. इंग्रजी उत्तम येत असूनही आपलं लिखाण त्यांनी मराठीतच केलं. मराठी माणसाचा इतिहास मराठी माणसाला वाचता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

वाईत सापडलेलं दप्तर

त्या वेळेपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यानं लिहिलेला ग्रंथ आणि आपल्याकडच्या बखरी. बखर वाचायला गोड असते, पण बरीचशी ऐकीव असते. राजवाड्यांचं म्हणणं साधं होतं. त्या त्या दिवशी, त्या त्या माणसानं लिहिलेली चिठ्ठी हा खरा पुरावा. बाकी सगळं त्याच्यावर घासून बघायचं.

असे कागद त्यांना वाईला एका घरी सापडले. पानिपतच्या लढाईच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतला पत्रव्यवहार होता तो. 1898 मध्ये त्यांनी तो छापला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा हा पहिला खंड. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत आणि पुढं त्यांची मोठी प्रस्तावना आहे. फौजा कुठून कुठं गेल्या, पैशाची ओढाताण किती होती, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे लोकांना पहिल्यांदाच मूळ पत्रांमधून कळलं.

त्यानंतर माणूस थांबलाच नाही. साधारण वीस वर्षांत या मालिकेचे 22 खंड निघाले. त्यातल्या काही खंडांत राजे-पेशव्यांपेक्षा शिवकाळातली गावोगावची घराणी, वतनं आणि भाऊबंदकीचे वाद जास्त आहेत. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या गावांचाच इतिहास.

पायी फिरणारा, हातानं रांधणारा

त्यांची कामाची पद्धत शेतकऱ्याला समजेल अशीच होती. सामान थोडं. रस्ता पायी. जेवण हातानं शिजवायचं. गावात जायचं आणि जुनं घराणं कोणतं, कुलकर्णी कोण, देशमुख कोण, मठ कुठं, हे विचारायचं. मग माळ्यावर, तळघरात किंवा देवघराच्या फडताळात बांधून ठेवलेलं दप्तर दाखवा म्हणून विनवायचं.

लोक सहजासहजी दाखवायचे नाहीत. दप्तरात जमिनीचा, वतनाचा काही दाखला असला आणि तो भाऊबंदांच्या हाती लागला तर काय, ही भीती असायची. आजही आपल्याकडं सातबारा कुणाला दाखवायचा म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो, त्यातलाच हा प्रकार. दुसरीकडं किती तरी घरांतले कागद रद्दीत जायचे, पुड्या बांधायला वापरले जायचे. वाळवी, उंदीर आणि गळकं छप्पर यांनी नेलं ते वेगळंच.

बरं, कागद मिळाला तरी काम संपत नाही. तो मोडीत असतो. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्द न तोडता लिहिलेले. त्यात फारसी शब्दांचा भरणा. तारीखही आपल्यासारखी नसते, कुठं शक, कुठं फसली, कुठं हिजरी. शकात 78 मिळवले की साधारण इंग्रजी साल येतं. आपल्या समर्थांचा जन्म शके 1530 चा. त्यात 78 मिळवले की 1608. निजाम राज्यातल्या फसली सालात 590 च्या आसपास मिळवावे लागतात. ही सगळी आकडेमोड, शब्दांचे अर्थ आणि माणसांची नाती लावून राजवाडे एकेक कागद छापायला देत.

एक कागद मात्र गावाच्या इतिहासाला फार कामाचा, तो म्हणजे महजर. गावात शिवेचा किंवा वतनाचा वाद झाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे गोत म्हणून बसायचे आणि निवाडा लिहिला जायचा. खाली सह्यांच्या जागी निशाण्या असायच्या. पाटलाचा नांगर, शेटे-महाजनाची तागडी, आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्याराच्या खुणा. अशा एका कागदात त्या दिवशी गावात कोण कोण राहत होतं, शीव कुठल्या ओढ्यावरून जात होती, हे सगळं सापडतं.

आपल्या मराठवाड्यात मिळालेली ज्ञानेश्वरी

राजवाडे मराठवाड्यातही फिरले. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा बघून ती फार जुन्या काळातली आहे, असं त्यांचं मत झालं. 1909 मध्ये त्यांनी ती छापली आणि ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. ज्ञानेश्वरीतले शब्द कसे चालतात, हे इतक्या बारकाईनं तोपर्यंत कुणी मांडलं नव्हतं.

पण ती पोथी नक्की किती जुनी, यावर पुढं विद्वानांत वाद झाला आणि तो मिटला नाही. कारण मूळ पोथीच आज उपलब्ध नाही. हाती आहे ती छापील प्रत. ज्या माणसानं हजारो कागद वाचवले, त्याच्याच हातची ही सगळ्यात मोलाची पोथी तपासायला राहिली नाही. त्या काळी गावातल्या गावात फोटो काढायची सोय नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे.

मंडळ, भांडणं आणि धुळे

एकट्यानं हे काम उरकणारं नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून 7 जुलै 1910 रोजी सरदार मेहेंदळे यांच्या साथीनं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. आज तिथं लाखो मोडी कागद जपलेले आहेत.

राजवाडे स्वभावानं तापट. मनाला पटलं नाही की तोंडावर बोलायचे, लिहायचेही तसंच. जातींबद्दलची त्यांची काही मतं अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून खरमरीत उत्तर दिलं. राजवाड्यांनी काढलेला प्रत्येक निष्कर्ष बरोबरच होता असं नाही. पण त्यांनी कागद छापून ठेवले, म्हणून त्यांची चूक दाखवणाऱ्यालाही पुरावा हाताशी मिळाला.

पुढं पुण्यातल्या मंडळींशी पटेनासं झालं आणि ते धुळ्याला गेले. शेवटच्या वर्षांतही हात थांबला नाही. शहाजीराजांच्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये याचं ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी 1922 मध्ये छापलं. वेरूळच्या भोसल्यांचा आणि सिंदखेडच्या जाधवांचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या भागाला तर ते जवळचंच. 1924 मध्ये कोकणातली ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. लग्न ही रीत कशी घडत गेली, यावर त्यांनी जे लिहिलं त्यानं मोठा गहजब झाला. मराठी धातूंचा कोश तर त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघाला.

31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच ते वारले. मागं घरदार नाही, इस्टेट नाही. राहिले ते कागद. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावानं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.

याच धुळ्याचं आपल्या जांबशी आणखी एक नातं आहे. तिथले शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव, यांनी समर्थांचे आणि रामदासी मठांचे कागद, पोथ्या गोळा करण्यात आयुष्य घालवलं. धाराशिव जिल्ह्यातल्या डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनी 1905 मध्ये दासबोध छापला. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात हा संग्रह आहे. समर्थ जन्मले जांबेत, पण त्यांच्या संप्रदायाचे कागद नीट बघायचे तर धुळं गाठावं लागतं.

गावाचं नावही पुरावा

राजवाडे कागदावरच थांबले नाहीत. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द हेसुद्धा त्यांच्या लेखी पुरावाच. माणसं कुठून आली, कुठं वसली, हे नावांवरून शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. झाडांवरून पडलेली गावांची नावं तर आपल्याकडं पावलोपावली आहेत.

आपलंच बघा. मराठवाड्यात जांब म्हटलं की पेरू डोळ्यांसमोर येतो. पण पेरू हे मूळचं अमेरिकेतलं झाड, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्या देशात आलं. मग गाव त्याच्या आधीचं असेल, तर नाव पेरूवरून कसं पडेल? जांभळीवरून पडलं असेल का? असा प्रश्न पारावर बसून सुटत नाही. जुन्यात जुना कागद शोधायचा आणि त्यात नाव कसं लिहिलंय ते बघायचं, ही राजवाड्यांची रीत.

आता आपण काय करायचं

ऑगस्ट 2022 मध्ये जांब समर्थच्या राम मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. पुढं पोलिसांनी त्या परत आणल्या. मूर्ती किती उंच, कशाची, खूण कुठं, याची नोंद आणि फोटो प्रत्येक देवळात असला तर ओळख पटवायला अडत नाही. मूर्तीचं जे, तेच घरांचं. माळवदाची घरं पाडून स्लॅब पडतायत. पडू द्या, राहणाऱ्याला सोय पाहिजेच. पण पाडायच्या आधी वाड्याचे चार बाजूंनी फोटो, तुळईवरचं कोरीव काम, दगडावर काही लिहिलेलं असेल तर ते, आणि वाडा कुणी कधी बांधला याची घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून माहिती, एवढं घ्यायला एक दिवस पुरतो. गढीची पांढरी माती उकरून न्यायच्या आधी तिथं काय होतं तेवढं लिहून ठेवा. बारव बुजवायच्या आधी पायऱ्या मोजा. गल्लीचं जुनं नाव, वेस कुठं होती, पार कुणी बांधला, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.

घरात मोडी किंवा उर्दू कागद असेल तर तो उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. कोरड्या सुती रुमालात बांधून ठेवा. सावलीच्या उजेडात मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा, पुढचा आणि मागचा दोन्ही. मूळ कागद कुणाला देऊ नका, फोटो द्या. फोटोसोबत घराण्याचं नाव, गाव आणि कागद कुठं होता ते लिहून ठेवा. जिथला कागद तिथली नोंद नसेल तर त्याची निम्मी किंमत जाते.

राजवाड्यांनी जे पायी फिरून, हातानं नकलून केलं, ते आपल्याला मोबाईलवर करता येतं. सुगीची कामं उरकली की दिवाळीनंतर थोडी सवड असते. तेवढ्यात प्रत्येक गावातल्या दोन-चार पोरांनी मनावर घेतलं, तरी पुढच्या पावसाळ्यात वाळवीच्या तोंडी जाणारं एखादं दप्तर वाचेल.