बंद दारे उघडणारा न्यायमूर्ती : थर्गुड मार्शल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील सूतगिरणीत कामगार, आई रोजंदारीने शेतावर जाते. थोर माणसांची चरित्रे आमच्या घरी आली ती शाळेच्या पुस्तकांतून, आणि तीही परीक्षेपुरती. त्यामुळे सातासमुद्रापलीकडच्या एका न्यायाधीशाबद्दल मी कधी लेख लिहीन असे मला वाटले नव्हते. पण राज्यशास्त्राच्या तासाला सर मूलभूत हक्क शिकवत होते आणि माझ्या मनात बरीच वर्षे दडून बसलेला एक प्रश्न वर आला.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. गिरणीत तीन महिन्यांचे पगार थकले होते. कामगारांनी गेटसभा घ्यायचे ठरविले. पाळी सुटल्यावर सगळे गेटच्या आतल्या मोकळ्या जागेत जमले. तेवढ्यात वॉचमनने येऊन सांगितले की ही जागा गिरणीची आहे, सभा घ्यायची असेल तर बाहेर जा. तो वॉचमन आमच्याच गल्लीतला. त्याचाही पगार थकलेलाच होता. लोक मुकाट्याने नालीपलीकडे, हमरस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी वडिलांचा डबा घेऊन तेथे पोहोचले तेव्हा ते बोलायला उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते चार माणसांसमोर बोलत होते. पण रस्त्यावरून ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर चालले होते. वडिलांचे ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आले नाहीत.

मी सरांना विचारले की घटनेने भाषणाचे स्वातंत्र्य दिले, पण उभे राहायची जागाच दुसऱ्याच्या मालकीची असेल तर ते स्वातंत्र्य वापरायचे कोठे? सर थोडे थांबले. मग त्यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगितले. १९६९ सालच्या निरंजन सिंग यांच्या खटल्यात रेल्वेच्या आवारात कामगारांना सभा घेण्याचा हक्क नाही असे ठरले. दुसऱ्याच्या मालमत्तेवर हे स्वातंत्र्य चालत नाही असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १९७२ साली हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात मात्र सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यास सरकारला सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरले. म्हणजे रस्ता आपला, गेट मालकाचे. सर पुढे म्हणाले की याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, त्याचे चरित्र वाच. तो माणूस म्हणजे थर्गुड मार्शल.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी झाला. त्यांचे पूर्वज गुलामगिरीत जन्मलेले. वडील विल्यम रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होते, पुढे गोऱ्यांच्या एका क्लबमध्ये नोकरीला लागले. ज्या क्लबात वडील ताटे उचलत, त्या क्लबाचे सभासद होण्याची कृष्णवर्णीयांना मुभा नव्हती. आई नॉर्मा शिक्षिका होत्या. वडिलांचे शिक्षण फार नव्हते, पण त्यांना कोर्टात बसून खटले ऐकण्याचा नाद. ते मुलांना बरोबर नेत आणि रात्री जेवताना त्यांच्याशी वाद घालत. मुलाने काहीही विधान केले की पुरावा मागत. थर्गुड शाळेत खोडकर होता. शिक्षा म्हणून त्याला अमेरिकेची राज्यघटना वाचायला बसवीत. खोड्या इतक्या की पुष्कळशी घटना त्याची पाठच झाली! त्यात लिहिलेले हक्क आपल्या गल्लीत कोठेच दिसत नाहीत, हे त्या मुलाच्या तेव्हाच ध्यानात आले.

पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठातून १९३० साली ते पदवीधर झाले. कायदा शिकायचा तर घराजवळच मेरिलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय होते. पण तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मग ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले. भल्या पहाटे उठून बाल्टिमोरहून आगगाडीने जायचे आणि रात्री परतायचे. फी भरण्यासाठी आईने आपल्या लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरातले काय काय सोनाराकडे आहे ते मला ठाऊक आहे.

हॉवर्डमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे गुरू त्यांना लाभले. वकिलाने समाजाच्या उपयोगी पडावे, नाहीतर तो समाजावर जगणारे बांडगूळ ठरतो, अशी ह्यूस्टन यांची शिकवण. १९३३ साली मार्शल वर्गात पहिले आले. दोनच वर्षांनी ह्यूस्टन आणि मार्शल या गुरुशिष्यांनी डोनाल्ड मरे नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची बाजू घेऊन मेरिलँड विद्यापीठालाच कोर्टात खेचले. मरेला प्रवेश मिळाला आणि १९३६ च्या जानेवारीत राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. जे दार आपल्याला बंद होते ते त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यासाठी उघडले.

येथून पुढची पंचवीस वर्षे म्हणजे अखंड वणवण. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे वकील म्हणून ते दक्षिणेतील गावोगाव फिरले. तेथे त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात जेवण मिळत नसे. १९४६ साली टेनेसी राज्यातील कोलंबिया गावी खटला चालवून परतताना पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालविल्याचा खोटा आरोप ठेवून त्यांना पकडले आणि गाडी नदीच्या दिशेने वळविली. सहकारी मागे हटले नाहीत, पाठलाग करीत राहिले, म्हणूनच ते वाचले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी संघटनेच्या वतीने ३२ खटले चालविले आणि त्यांपैकी २९ जिंकले. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमताने सरकारी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. हा त्यांच्या वकिलीचा कळस होय, आणि त्याबद्दल आपण अभ्यासक्रमातही वाचतो.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटला तो १९४८ सालचा शेली खटला. त्या काळी गोरे घरमालक आपापसांत करार करीत की आमच्या वस्तीतले घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही. त्यांचे म्हणणे असे, की घर आमचे, करार आमचा, यात सरकार कोठे आले? याच स्वरूपाचा डेट्रॉइटचा खटला मार्शल यांनी त्यासोबत लढविला. न्यायालयाने निर्णय दिला तो असा, की करार खासगी असेल, पण तो अमलात आणायला कोर्ट पुढे आले की त्यात सरकार आलेच. म्हणून कोर्टांनी असे करार बजावू नयेत. मालकाचा नकार जेव्हा पोलिसाच्या हाताने अमलात येतो तेव्हा तो केवळ मालकाचा राहत नाही, हा विचार मार्शल यांच्या मनात कायमचा रुजला असावा.

तरीही मालमत्तेच्या हक्काला ते कस्पटासमान मानीत नव्हते. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे आपल्याच वयाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या दुकानाच्या फराळाच्या टेबलाशी जाऊन बसले आणि उठेनात. ही चळवळ वणव्यासारखी पसरली. दुसऱ्याच्या दुकानात मालकाच्या इच्छेविरुद्ध बसणाऱ्यांचा बचाव कायद्यात कसा करायचा, याबद्दल मार्शल सुरुवातीला साशंक होते, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. पण काही आठवड्यांतच त्यांच्या संस्थेने या विद्यार्थ्यांचे वकीलपत्र घेतले. त्याच वर्षी केनियाच्या नव्या घटनेसाठी लंडनला भरलेल्या परिषदेत ते आफ्रिकी नेत्यांचे सल्लागार होते. तेथे हक्कांचा मसुदा करताना त्यांनी अल्पसंख्य गोऱ्यांच्या जमिनींनाही संरक्षण दिले. जमीन घेतली तर मोबदला दिलाच पाहिजे असे कलम घातले. आपल्या जातभाईंवर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावर करावा, हे त्यांना मान्य नव्हते.

१९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. आणि पहिल्याच वर्षी माझा प्रश्न त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला!

पेनसिल्व्हेनियातील अल्टूना गावाजवळ लोगन व्हॅली नावाचे नवे दुकानसंकुल उघडले होते. तेथील वाइस नावाच्या किराणा दुकानात संघटनेत नसलेले कामगार ठेवले होते. संघटनेचे मोजके लोक फलक घेऊन दुकानासमोर उभे राहू लागले. मालकाने अतिक्रमणाची तक्रार केली आणि खालच्या कोर्टांनी त्यांना संकुलाबाहेर, भरधाव मोटारींच्या रस्त्याच्या कडेला घालविले. रस्त्याची कड! वाचताना मला आमची नालीपलीकडची जागाच डोळ्यांसमोर दिसली.

याआधी १९४६ साली मार्श खटल्यात एक महत्त्वाचा निकाल लागला होता. अलाबामातील चिकसॉ हे अख्खे गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे होते. तेथील पदपथावर धर्मपत्रिका वाटणाऱ्या बाईंना झालेली शिक्षा न्यायालयाने रद्द केली, कारण गाव कंपनीचे असले तरी ते गावच आहे. तो निकाल न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिला होता. मार्शल यांनी त्याचाच आधार घेतला. लोक गावातली बाजारपेठ सोडून अशा संकुलांत खरेदीला जाऊ लागले. संकुलाने बाजारपेठेची जागा घेतली, तर बाजारपेठेतला बोलण्याचा हक्कही तेथे आला पाहिजे. येण्याजाण्यास अडथळा होऊ नये म्हणून मालकाने नियम करावेत, पण तोंडच बंद करू नये. २० मे १९६८ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी हा निकाल लागला. गंमत अशी, की विरोधी मत देणाऱ्यांत खुद्द ब्लॅक होते! त्यांच्या मते अख्खे गाव वेगळे आणि दुकानापुढचे आवार वेगळे. मोबदला न देता कोणाची जागा दुसऱ्याच्या प्रचारासाठी घेता येणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, ब्लॅक यांचे म्हणणेही मला सहज झटकून टाकता येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत कोणीतरी न विचारता आमच्या घराच्या भिंतीवर घोषणा रंगविली. आईने ती दोन दिवस घासून काढली. घर दोन खोल्यांचे असले तरी भिंत आपली असते. पण सगळ्यांना या म्हणून दार उघडणारा बाजार आणि आमची भिंत यांत फरक आहे. मार्शल यांनी नेमका तोच फरक दाखविला असे मला वाटते.

हा विजय फार टिकला नाही. न्यायालयातील माणसे बदलली. १९६८ च्या नोव्हेंबरात ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या लॉइड सेंटर या प्रचंड संकुलात पाच जण व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटत होते. पहारेकऱ्यांनी त्यांना अटकेची भीती घालून बाहेर काढले. १९७२ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मालकाचा पक्ष उचलून धरला. मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. याच संकुलात माजी सैनिकांच्या संघटनेला आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना मोकळीक मिळाली होती, मग युद्धविरोधकांनाच मज्जाव का, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्याजवळ वृत्तपत्र वा दूरचित्रवाणीसाठी पैसा नाही, त्यांना माणसे जमतात तेथेच जाऊन बोलावे लागते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. १९७६ साली अटलांटाच्या संपकरी कामगारांच्या खटल्यात तर लोगन व्हॅलीचा निकालच मोडीत निघाला. मार्शल यांनी पुन्हा विरोधी मत लिहिले. या वेळी त्यांच्या बाजूला न्यायमूर्ती ब्रेनन एकटेच होते.

पण गोष्ट तेथेही संपली नाही. कॅलिफोर्नियातील कॅम्पबेल गावच्या प्रूनयार्ड संकुलात शाळकरी मुले टेबल मांडून एका अर्जावर सह्या गोळा करीत होती. त्यांना हुसकावले गेले. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने आपल्या राज्याच्या घटनेच्या आधारे त्या मुलांना हक्क दिला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की राज्याला असा जादा हक्क देता येतो, त्याने मालकाची मालमत्ता हिरावली जात नाही. मार्शल यांनी आनंदाने स्वतंत्र सहमतिपत्र जोडले. मुख्य दार लागले, पण खिडकी उघडी राहिली.

१९९१ साली ते निवृत्त झाले आणि २४ जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मेरिलँडच्या ज्या विधी महाविद्यालयाने त्यांच्यासाठी दार उघडले नव्हते, त्याच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे.

दिवाळीच्या सुटीत मी ही सारी हकिकत वडिलांना सांगितली. शेवटी तो जिंकला का, असे त्यांनी विचारले. शाळांच्या बाबतीत जिंकला, गेटच्या बाबतीत बहुतांशी हरला, असे मला सांगावे लागले. पण हरलेले म्हणणेही निकालाच्या पुस्तकात छापलेले असते, आणि पुढे कोणालाही ते काढून वाचता येते, हेही सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग मी त्यांना विचारले की त्या दिवशी गेटबाहेर तुम्ही काय बोलला होता? त्यांनी ते चारच वाक्यांत सांगितले. पगाराची एक तारीख ठरवा. कापलेला फंड भरला की नाही याची पावती दाखवा. बदली कामगारांना आधी द्या, कारण त्यांच्या घरी दुसरी मिळकत नाही. आणि वॉचमनशी भांडू नका, तो आपलाच आहे.

ते भाषण कोणी लिहून ठेवले नव्हते. म्हणून येथे लिहिले आहे.