शाळा कुरणावर नेणाऱ्या ताराबाई

प्रकाशाची शाळा असो की पुण्याची, प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं असतंच. सर फळ्याकडे वळले की हे बाकावरून उठतं, वही अर्धी सोडतं, प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळं होतं. मग त्याला ‘वांड’ म्हणायचं आणि वर्गाबाहेर उभं करायचं. आता एडीएचडी हा शब्द आपल्या कानावर येतो. ही मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे, मुद्दाम केलेला खोडसाळपणा नाही, हेही कळलंय. पण शब्द कळला म्हणून शिकवणाऱ्याची नजर बदलतेच असं नाही. ती बदलायची कशी, हे बघायचं तर ताराबाई मोडकांचं आयुष्य वाचावं.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न टिकलं नाही. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. पगार, मान, सगळं होतं. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे माँटेसरी पद्धत चालायची. मूल हिंडणार, वस्तू हाताळणार, आवडलेलं काम पुन्हा पुन्हा करणार. शिक्षकाने आधी बघायचं, मग शिकवायचं. भीती आणि छडीला तिथे जागा नव्हती.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. पण शहरातल्या मुलांपुरतं थांबणं ताराबाईंना पटेना. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. पोरांनाच शिकायचं नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्याऐवजी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी आली.

१९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं. वारल्यांची मुलं गुरं राखायची, मग शाळा कुरणावर गेली. तीच कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे आले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची अंगणवाडी योजना देशभर सुरू झाली.

ताराबाईंच्या काळात एडीएचडी हा शब्द आपल्याकडे कुणी वापरत नव्हतं आणि त्यांचं काम त्या मुलांपुरतं नव्हतंही. निदान डॉक्टरच करतात, शिक्षकाने शिक्का मारायचा नसतो. पण मूल शाळेत बसत नसेल तर आधी शाळा तपासायची, ही सवय त्यांनी लावली. शिक्षकाला एकट्याला हे जमणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जोर दिला.

आपल्यातले कितीतरी जण उद्या डी.एड., बी.एड. करून शहादा, तळोदा, धडगावच्या शाळांत उभे राहतील. तेव्हा ते चुळबुळं मूल समोर असेलच. त्याला पुढच्या बाकावर बसवणं, मोठा धडा छोट्या तुकड्यांत देणं, मध्येच वह्या वाटायला उठवणं, एवढं तरी आपल्या हातात असेल. ताराबाईंनी अख्खी शाळा हलवली; आपल्याला बाक तरी हलवता यावा.