अभ्यासाचे दोन अर्थ जगलेला योगी : स्वामी कुवलयानंद

‘अभ्यास’ हा शब्द योगशास्त्रात सातत्याने केलेल्या साधनेसाठी येतो, तर मराठी घरांत तो पुस्तक उघडून बसण्यासाठी वापरला जातो. हे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात सारख्याच निष्ठेने जगलेला पुरुष म्हणजे स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. परंतु बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे बडोद्यात महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायामशाळेच्या प्रा. माणिकरावांकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रकार्याचा प्रभाव पडलेल्या या तरुणाने आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत स्वीकारले, आणि अमळनेर येथे शिक्षणकार्याला वाहून घेतले.

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांशी त्यांची भेट झाली आणि आयुष्याला निर्णायक वळण लागले. गुरूंनी आसने, बंध, प्राणायाम व शुद्धिक्रिया शिकवल्या. शिष्याने त्या श्रद्धेने आत्मसात केल्या. पण त्याची जिज्ञासा तेवढ्याने शमली नाही. या क्रिया चालू असताना देहाच्या आत नेमके काय घडते, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. श्रद्धेच्या विषयाला मोजमाप लावण्यात धोका होता. यंत्राने परंपरेच्या विरुद्ध कौल दिला, तर तोही मान्य करणे भाग होते.

हा धोका त्यांनी पत्करला. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली यांवर प्रयोग झाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांत दिसून आले. बस्तिक्रियेत पिचकारीवाचून पाणी वर कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यामुळे झाला. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. प्रयोगांच्या नोंदी आणि साधकांना उपयुक्त असे आसन-प्राणायामांचे विवेचन त्यात शेजारी शेजारी येई. आश्रमात प्रयोगशाळेच्या जोडीला जुन्या संस्कृत ग्रंथांच्या पोथ्या ताडून पाहण्याचे काम चाले. ‘गोरक्षशतका’च्या संपादनात स्वामीजींचा स्वतःचा हात होता. शरीराने केलेली क्रिया, ग्रंथाने सांगितलेला विधी आणि यंत्राने दिलेली नोंद या तिन्हींना एकमेकांसमोर बसवण्याची ही पद्धत होती.

तिचा कस प्राणायामाच्या अभ्यासात लागला. प्राणायामाने शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही. स्वामीजींनी हा निष्कर्ष झाकून ठेवला नाही. प्राणायामाचे खरे मोल श्वसनावरील व मज्जासंस्थेवरील संयमात शोधले पाहिजे, असे त्यांनी मांडले. लाडका समज सोडून दिल्याने त्यांची साधना उणावली नाही. ती कशासाठी करायची, हे अधिक स्पष्ट झाले.

हे ज्ञान आश्रमाच्या भिंतींत कोंडून राहू नये, यासाठीही ते झटले. महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांचा सल्ला घेतला होता. मुलांना एकत्रितपणे करता यावेत असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले आणि शालेय शारीरिक शिक्षणात योगाला स्थान मिळावे म्हणून प्रयत्न केले. पुढे लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले; त्यांनी लावलेली संस्था मात्र आजही कार्यरत आहे.

आज योगवर्ग गल्लोगल्ली भरतात आणि पहाटे आसने करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्वामी कुवलयानंदांचे चरित्र अशा प्रत्येकाला पुढची पायरी दाखवते. रोजचा नेम चुकवू नये. पण नेम झाल्यावर घटकाभर बसून आज काय केले, त्याचा परिणाम काय झाला, शास्त्र त्याविषयी काय म्हणते, याचा विचारही करावा. मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या पालकांना आणि शाळेतून बाहेर पडून आपापल्या उद्योगात रमलेल्या माजी विद्यार्थ्यांना हा धडा परका वाटू नये. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या, संस्कृतच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याने तो आयुष्यभर गिरवला होता.