आरमार राज्याचे की आंग्र्यांचे?

कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचा म्हटले आहे. याच समुद्रात पोर्तुगीज दोन शतके परवाने देत आले आणि परवान्याविना सापडलेले जहाज जप्त करीत आले. ते मात्र सागरी सत्ताधीश ठरले. कान्होजींनी तोच हक्क किनाऱ्याच्या धन्याकडे मागून घेतला आणि आपली दस्तके चालू केली, एवढाच त्यांचा अपराध.

तुकोजी आंग्रे यांचे हे पुत्र १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे प्रमुख झाले. ताराबाई व शाहू यांच्या तंट्यात ते प्रथम ताराबाईंच्या पक्षाला होते. चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. पुढे १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी सलोखा घडवून आणला आणि कान्होजींचे सरखेलपद शाहू महाराजांनी मान्य केले.

त्यांचे सामर्थ्य जहाजांच्या आकारात नव्हते. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराब दीडशे ते तीनशे टनांची. तिच्या नाळीवरच्या तोफा पुढे मारा करीत. गलबत सत्तर टनांहून क्वचितच मोठे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की युरोपियन जहाज जागीच खिळे. तेव्हा गलबते गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर तोफा डागीत. कमी पाण्यात चालणारी ही जहाजे संकटकाळी खाडीत शिरत, आणि तेथे किल्ल्याच्या तोफा त्यांच्या पाठीशी असत.

म्हणूनच १७१७ साली विजयदुर्गावर व १७१८ साली खांदेरीवर चालून आलेल्या इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. १७२४ साली विजयदुर्गावर डचांचीही तीच गत झाली. परंतु सर्वांत बोलकी लढाई १७२१ ची. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा शाहू दरबारची फौज आंग्र्यांच्या मदतीला धावली. मोहीम फसली, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना सोडून मराठ्यांशी वेगळा तह केला. दर्या आणि घाट एक झाले की काय घडते, ते त्या दिवशी दिसले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. मुलांत वाटण्या आणि भाऊबंदकी सुरू झाली. त्यांचे पुत्र तुळाजी यांचे पेशव्यांशी जमले नाही. अखेर १७५६ साली विजयदुर्गावर समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज चालून गेली, व बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. जे काम शत्रूला एकट्याने कधी साधले नव्हते, ते आपल्या साहाय्याने साधले.

तुळाजींचा उद्दामपणा खरा असेल. पण सरदाराला शिक्षा करणे वेगळे आणि राज्याची जहाजे परक्याच्या तोफांपुढे देणे वेगळे. पुण्याला ते आरमार आंग्र्यांचे वाटले, राज्याचे वाटले नाही. मुंबईतील नौदलाच्या तळाला आज आंग्रे हे नाव आहे, हे उचितच झाले. अलिबागच्या समाधीपुढे हात जोडताना मात्र जळालेल्या त्या गुराबांचीही आठवण ठेवली पाहिजे.