लोहाराच्या भट्टीतला रंग आणि मॅक्स प्लांक : क्वांटम विज्ञानाच्या जनकाची गोष्ट

गावातल्या लोहाराकडे फाळाला पाणी द्यायला गेलेल्या माणसानं एक गोष्ट नक्की पाहिलेली असते. भाता चालू झाला की लोखंड आधी काळसर लाल होतं, मग लालभडक, मग नारिंगी, पिवळं आणि खूपच तापलं की पांढरट. जुना लोहार थर्मामीटर लावत नाही, नुसत्या रंगावरून ओळखतो की आता घण घालायचा. पण तापलं की लोखंड आधी लालच का होतं? निळं किंवा जांभळं का नाही?

हा प्रश्न साधा वाटतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्यानं घाम फोडला होता. त्याचं उत्तर सापडलं १९०० साली बर्लिन शहरात, आणि त्या उत्तरानं सगळं भौतिकशास्त्र बदलून गेलं. आज घरातला एलईडी दिवा, शेतातला सोलर पंप आणि हातातला मोबाईल ज्या विज्ञानावर उभा आहे, त्याची सुरुवात तिथे झाली. उत्तर शोधणारे होते मॅक्स प्लांक. गंमत म्हणजे त्यांना काही बदलायचंच नव्हतं.

गवंड्याची गोष्ट

प्लांक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी जर्मनीतल्या कील या बंदराच्या गावी झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक होते. १८६७ मध्ये कुटुंब म्युनिकला आलं आणि मॅक्स तिथल्या शाळेत जाऊ लागले. शाळेत म्युलर नावाचे शिक्षक होते. त्यांनी एका गवंड्याचं उदाहरण दिलं. गवंडी घाम गाळून जड दगड छपरावर चढवतो. त्याची मेहनत वाया जात नाही, ती त्या दगडात साठून राहते. कितीतरी वर्षांनी दगड खाली पडला की तीच शक्ती बाहेर येते. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. ही गोष्ट मुलाच्या डोक्यात अशी बसली की जन्मभर निघाली नाही.

मॅक्स पियानो उत्तम वाजवायचे. संगीतात जावं की विज्ञानात, असा प्रश्न होता. १८७४ मध्ये ते म्युनिक विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनी त्यांना सांगून टाकलं की भौतिकशास्त्रात शोधण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. दुसरा कोणी असता तर वाट बदलली असती. प्लांक यांना मात्र नवीन शोध लावायचा नव्हताच. जे आहे ते नीट समजून घ्यायचं होतं. त्यांनी तोच विषय घेतला आणि २१ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. १८८९ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात शिकवायला आले.

एका रविवारची संध्याकाळ

त्या काळात बर्लिनमध्ये विजेचे दिवे नवीन होते. कोणता दिवा किती उजेड देतो, हे मोजायला पक्कं माप हवं होतं. म्हणून तिथल्या सरकारी मापन संस्थेत तापलेल्या वस्तूंमधून कोणत्या रंगाचा किती प्रकाश निघतो, याची बारकाईनं मोजणी सुरू झाली. त्यासाठी एक सूत्र आधीपासून होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी ते बरोबर चालत होतं. पण प्रकाशाच्या लाल रंगापलीकडे न दिसणारी उष्णता असते. चुलीजवळ हात नेला की चटका जाणवतो, तीच. या बाजूची मोजणी झाली आणि सूत्र साफ चुकलं.

७ ऑक्टोबर १९०० रोजी, रविवारी, मोजणी करणारे हाइनरिश रुबेन्स बायकोसोबत प्लांक यांच्या घरी चहाला आले. बोलता बोलता त्यांनी नवे आकडे सांगितले. पाहुणे गेल्यावर प्लांक कागद घेऊन बसले आणि त्याच संध्याकाळी त्यांना आकड्यांशी जुळणारं सूत्र सापडलं.

सूत्र जुळलं, पण ते का जुळतं हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं. पुढचे काही आठवडे त्यांनी रात्रंदिवस डोकं चालवलं. शेवटी ज्या पद्धतीला आपण इतकी वर्षं विरोध केला, तीच त्यांना हातात घ्यावी लागली. आणि तिच्यातून एक विचित्र अट बाहेर आली. ऊर्जा सलग वाहत नाही, ती ठरावीक पुड्यांमध्येच दिली-घेतली जाते.

१४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी हे बर्लिनच्या शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. ऊर्जेच्या या पुडीला पुढे क्वांटम म्हणू लागले. तो दिवस क्वांटम विज्ञानाचा वाढदिवस मानला जातो.

पुडीचा हिशोब

हे समजायला दुकानाचं उदाहरण पुरेसं आहे. सुट्टं तेल पाहिजे तेवढं मिळतं, अगदी पळीभरसुद्धा. पण सीलबंद डबा घ्यायचा तर पूर्णच घ्यावा लागतो, अर्धा मिळत नाही. ऊर्जेचं तसंच आहे, फक्त प्रत्येक रंगाचा डबा वेगळ्या आकाराचा. लाल प्रकाशाचा डबा छोटा, निळ्याचा मोठा, जांभळ्याचा त्याहून मोठा.

आता लोखंडाकडे बघा. ते थोडंच तापलेलं असतं, तेव्हा त्याच्या कणांच्या खिशात थोडीच ऊर्जा असते. त्यांना लाल रंगाचा छोटा डबा परवडतो, जांभळा परवडत नाही. म्हणून लोखंड आधी लाल दिसतं. भाता जोरात चालला, खिसा भरला, की पिवळे, हिरवे, निळे डबेही बाहेर पडायला लागतात. सगळे रंग मिसळले की डोळ्यांना पांढरं दिसतं. लोहाराला जे डोळ्यानं कळत होतं, त्यामागचा हिशोब हा असा.

कोणत्या रंगाची पुडी केवढी, हे ज्या आकड्यावरून ठरतं त्याला प्लांकचा स्थिरांक म्हणतात. तो इतका लहान आहे की आपल्या मापात लिहायचा तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं द्यावी लागतात आणि मग ६६२६ लिहावं लागतं. एवढ्या बारीक पुड्या असल्यामुळेच रोजच्या जगण्यात त्या जाणवत नाहीत. वाळूचा ढीग लांबून सलग दिसतो, जवळ गेल्यावर कण दिसतात, तसंच हे.

पटलं नाही तरी मान्य केलं

प्लांक यांना स्वतःला हा शोध पचायला जड गेला. पुड्यांची भानगड हिशोबापुरती असेल, पुढे जुन्या नियमात बसवता येईल, या आशेनं ते कित्येक वर्षं झटले. ते काही जमलं नाही. दरम्यान १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी सांगितलं की प्रकाश स्वतःच पुड्यांचा बनलेला आहे. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी हीच कल्पना अणूला लावली. पुड्यांचं बी प्लांक यांनी पेरलं, पण पीक दुसऱ्यांनी काढलं.

प्लांक यांचा मोठेपणा असा की त्यांनी कोणाची वाट अडवली नाही. आइनस्टाइन यांची प्रकाशाच्या पुड्यांची कल्पना त्यांना बरीच वर्षं पटत नव्हती, तरी त्यांना बर्लिनला आणण्यासाठी ते १९१३ मध्ये स्वतः झुरिकला गेले. बायकांना विद्यापीठात फारशी जागा नसलेल्या त्या काळात त्यांनी लीझ माइटनर यांना आपल्या सहायक म्हणून नेमलं. पुढे माइटनर अणुविज्ञानातलं मोठं नाव झाल्या. १९१८ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल प्लांक यांना मिळालं.

भारताचाही यात वाटा आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांक यांचंच सूत्र अगदी नव्या आणि स्वच्छ रीतीनं सिद्ध करून दाखवलं आणि लेख आइनस्टाइन यांना पाठवला. आइनस्टाइन यांनी तो जर्मन भाषेत आणून छापवून घेतला. आज निसर्गातल्या कणांच्या एका पूर्ण जातीला बोस यांच्या नावावरून बोसॉन म्हणतात.

घरावर एकामागून एक घाव

बाहेर मान मिळत होता, पण घरात दुःखानं पाठ सोडली नाही. १९०९ मध्ये पत्नी मारी वारल्या. १९१६ मध्ये थोरला मुलगा कार्ल पहिल्या महायुद्धात व्हर्दनच्या रणांगणावर जखमी होऊन गेला. जुळ्या मुलींपैकी ग्रेटे १९१७ मध्ये बाळंतपणात गेली. तिच्या बाळाला सांभाळायला आलेल्या दुसऱ्या मुलीनं, एमानं, मेहुण्याशी लग्न केलं आणि १९१९ मध्ये तीही बाळंतपणातच गेली. दोघींची बाळं तेवढी जगली. पहिल्या बायकोच्या चार मुलांपैकी एकटा एर्विन उरला. प्लांक यांनी शिकवणं सोडलं नाही. रोज पियानोवर बसायचे, ठरल्या वेळी फिरायला जायचे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढायला सुरुवात झाली. प्लांक तेव्हा देशातल्या सर्वात मोठ्या विज्ञान संस्थेचे अध्यक्ष होते. ते स्वतः हिटलरला भेटले आणि अशानं देशाचं विज्ञान बुडेल, हे समजावू लागले. हिटलर भडकला, भेट वाया गेली. आइनस्टाइन देशाबाहेरच राहिले. प्लांक मात्र थांबले. पदावर राहून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवू, असा त्यांचा हिशोब होता. हुकूम पाळावे लागले, मान खाली घालावी लागली. यावर त्यांना तेव्हाही बोल लागला आणि आजही लागतो. तरी १९३५ मध्ये, परागंदा होऊन वारलेले ज्यू शास्त्रज्ञ फ्रित्स हाबर यांची शोकसभा सरकारनं अडवली असताना प्लांक यांनी ती घेऊन दाखवली.

१९४४ च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यात त्यांचं बर्लिनचं घर जळालं. पुस्तकं, पत्रं, वह्या, सगळं राख झालं. त्याच जुलैमध्ये हिटलरला मारण्याचा कट फसला आणि एर्विनला पकडून नेलं. म्हाताऱ्या बापानं हिटलरला पत्र लिहून मुलाच्या जिवाची भीक मागितली. उपयोग झाला नाही. २३ जानेवारी १९४५ रोजी एर्विनला फाशी दिली. तेव्हा प्लांक ८६ वर्षांचे होते.

काट्यावरचा किलो

युद्ध संपलं तेव्हा बेघर झालेल्या प्लांक यांना अमेरिकी सैनिकांनी ग्योटिंगेनला आणलं. देशाची धूळधाण झाली होती, जर्मन नाव घ्यायला जग तयार नव्हतं. अशा वेळीही १९४६ मध्ये लंडनला न्यूटन यांच्या स्मरणार्थ समारंभ झाला, तेव्हा प्लांक यांना मानानं बोलावलं गेलं. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी ८९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या जुन्या संस्थेला पुढे त्यांचंच नाव दिलं, ती आज मॅक्स प्लांक सोसायटी म्हणून जगभर ओळखली जाते.

त्यांचा आकडा मात्र प्रयोगशाळेत कोंडून राहिला नाही. पूर्वी जगातला खरा किलो म्हणजे पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेलं धातूचं एक वजन होतं. पण धातूच तो, वर्षांनुवर्षात त्याच्या वजनात किंचित फरक पडतो. म्हणून २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांक यांच्या स्थिरांकावर बांधली गेली. बाजार समितीत सोयाबीनचं पोतं काट्यावर चढतं, तेव्हा त्या किलोच्या मुळाशी आता हाच आकडा असतो.

ज्या माणसाचं घर, कागदपत्रं काहीच उरलं नाही, त्याचा एवढा एक आकडा उरला. तो सापडला, कारण स्वतःचं मत आणि मोजलेले आकडे यांत भांडण लागलं तेव्हा त्यानं आकड्यांची बाजू घेतली.