कै. एकनाथ धोंडू सोलकर

गिरगावच्या चौपाटीवरून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालू लागले असता डाव्या हातास जिमखान्यांची मैदाने लागतात. त्यांपैकी हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा धोंडू सोलकर हे राखीत असत. हुद्द्याने ते मुख्य माळी होते. मैदानाच्याच आवारात एका खोलीच्या झोपडीत त्यांचा मोठा संसार होता. ता. 18 मार्च 1948 रोजी जन्मलेला त्यांचा पुत्र एकनाथ याच झोपडीत वाढला.

माळ्याचे काम वरवर पाहणारास क्षुल्लक वाटते. हिरवळ कातरावी, पाणी बेताने शिंपावे, रूळ फिरवावा, चुन्याच्या रेघा आखाव्या, आणि मग इतरांचा खेळ कडेला उभे राहून पाहावा. परंतु खेळपट्टीवर पडलेला चेंडू किती उसळेल, कोठे वळेल, हे ती तयार करणाराइतके दुसऱ्या कोणास कळणार? पूर्वी पुण्यास दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणारे पळवणकर बाळू हे याच हिंदू जिमखान्याचे नामांकित गोलंदाज झाले, ही गोष्ट येथे सहज आठवते. एकनाथाची शाळाही तेच मैदान. सामन्यांच्या वेळी तो धावफलकावरील आकडे बदलीत असे. पुढे त्याच्या अंगचे गुण प्रकट झाले व हिंदी शाळकरी संघाचे नायकत्व त्याच्याकडे आले. माळ्याच्या घरी त्या दिवशी काय आनंद झाला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांतील मातापितरांनीच करावी.

मुंबईच्या संघात त्या काळी स्थान मिळणे म्हणजे मोठे दिव्य होते. 1958-59 पासून लागोपाठ पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने आपल्या हातून जाऊ दिला नाही! त्या संघात एकनाथाने प्रवेश मिळविला आणि 1969 साली बंगालविरुद्ध अंतिम सामन्याचा प्रसंग आला. इकडे वडील अत्यवस्थ. ज्या पित्याने जन्मभर मैदानाच्या कडेला उभे राहून खेळ पाहिला, त्यास मुलाचा हा सामना पाहणे नशिबी नव्हते. सामना चालू असतानाच धोंडू सोलकरांचे देहावसान झाले. एकनाथाने पुत्रधर्मास अनुसरून अंत्यसंस्कार उरकले आणि तो पुन्हा मैदानावर आला. मुंबईने पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर करंडक राखला.

सुतकात खेळावयास जाणे काही जुन्या माणसांस रुचणार नाही. आमच्या मते मात्र यात पित्याविषयी अनादर मुळीच नव्हता. त्या घरी मैदान हेच अन्न आणि मैदान हेच अंगण होते. दुःख घेऊन जावयास त्या मुलास दुसरी जागा तरी कोठे होती?

त्याच वर्षी ऑक्टोबरात हैद्राबादेस न्यूझीलंडविरुद्ध एकनाथ पहिला कसोटी सामना खेळला. हा दिवस वडिलांच्या डोळ्यांपुढून अवघ्या काही महिन्यांनी हुकला. पुढे 1971 साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात जमैका येथे पाच गडी 75 धावांत बाद झाले असता त्याने दिलीप सरदेसाईंस खंबीर साथ दिली व स्वतः 61 धावा केल्या. त्याच वर्षी इंग्लंडात ओव्हलच्या सामन्यात तीन बळी घेऊन त्याने 44 धावाही काढल्या. परंतु त्या सामन्यातील त्याची खरी ओळख दुसऱ्या डावातील. वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल त्याने पुढे झेपावून जमिनीलगत टिपला. इंग्लंडचा डाव 101 धावांत आटोपला आणि 24 ऑगस्ट रोजी भारताने इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय मिळविला.

फलंदाजापासून दोन पावलांवर, डोक्यास कसलेही शिरस्त्राण न घालता, तो वाकून उभा राही. चेंडू अंगावर येत असता डोळे न मिटणे हे कित्येक धाडसी पुरुषांसही साधत नाही. 27 कसोटी सामन्यांत त्याने 53 झेल घेतले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूस हे प्रमाण विलक्षणच होय. मध्यमगती मारा आणि फिरकी अशी दोन्ही प्रकारची डावखुरी गोलंदाजीही तो करीत असे.

कसोटी सामन्यांत त्याचे शतक एकच. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजने 600 हून अधिक धावांचा डोंगर उभा केला असता त्याने 102 धावा काढल्या. चर्चगेटजवळ नुकत्याच बांधलेल्या वानखेडे स्टेडियमवरील तो पहिलाच कसोटी सामना होता, आणि धोंडू सोलकरांनी निगा राखलेले मैदान तेथून थोड्याच अंतरावर होते. ता. 26 जून 2005 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी, मुंबईतच एकनाथ सोलकर हृदयविकाराने निवर्तले.