भीती ओळखणारा लेखक

मुलांनो, अंधारात खुंटीवर टांगलेला सदरासुद्धा कधी कधी बागुलबुवा वाटतो. दिवा लावला की तो पुन्हा सदराच होतो. पण दिवा लावायचे धाडसच कोणी केले नाही तर? भीती माणसाला कुठवर नेते, हे एका इंग्रज शिक्षकाने कादंबरीतून दाखवले. त्यांचे नाव विल्यम गोल्डिंग.

गोल्डिंग यांचा जन्म १९ सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. ऑक्सफर्डला गोल्डिंग प्रथम विज्ञान शिकले, पण दोन वर्षांनी त्यांनी इंग्रजी साहित्य हा विषय घेतला. पुढे सॉल्सबरी या गावी ते शिक्षक झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली ते नौदलात भरती झाले. ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा अग्निबाण सोडणाऱ्या एका नौकेचे ते प्रमुख होते. युद्धात त्यांनी माणसाचे क्रौर्य पाहिले. क्रूरता ही एखाद्याच देशाची नसते, ती कोणाच्याही मनात दडलेली असते, असे त्यांना वाटू लागले.

युद्धानंतर ते पुन्हा शाळेत शिकवू लागले. वर्गातील मुलांचे खेळ आणि भांडणे ते रोज पाहत. त्यातून 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' ही कादंबरी तयार झाली. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर चार्ल्स माँटिथ या तरुण संपादकाने तिचे मोल ओळखले आणि १९५४ साली ती प्रसिद्ध झाली. जी. ए. कुलकर्णी यांनी तिचा मराठी अनुवाद केला आहे.

या कादंबरीत काही शाळकरी मुले एका निर्जन बेटावर अडकतात. सुरुवातीला ती राल्फला पुढारी निवडतात. ज्याच्या हाती शंख, त्यानेच बोलायचे, असा नियमही करतात. पण रात्री लहान मुले घाबरतात. बेटावर श्वापद आहे, अशी बोलवा पसरते. जॅक नावाचा मुलगा शिकार करून मांस देतो आणि रक्षणाचे वचन देतो. भ्यालेली मुले हळूहळू त्याच्याकडे जातात.

सायमन मात्र एकटा डोंगरावर चढतो. तेथे त्याला दिसते, की ज्याला सारे श्वापद समजतात, ते हवाई छत्रीत अडकलेले एका सैनिकाचे प्रेत आहे. हे सांगायला तो अडखळत येतो. वादळी रात्र असते. घाबरून नाचणारी मुले त्यालाच श्वापद समजतात आणि ठार करतात. बेटावर खरे श्वापद कधी नव्हतेच!

गोल्डिंग यांना १९८३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९ जून १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, ती मुले जन्मतः दुष्ट नव्हती. ती भ्याली होती, आणि कोणी विचारायला थांबले नाही. तुमच्या कानावर एखादी अफवा आली, गर्दी धावू लागली, तर तुम्ही काय कराल? गर्दीबरोबर धावणे सोपे असते. सायमनसारखे डोंगर चढून पाहणे कठीण असते. पण ते एकानेही केले आणि इतरांनी त्याचे ऐकले, तर एखाद्याचा जीव वाचतो.